यजमानांबरोबर की टूर बसने?

समुद्रकाठच्या शहरात एकच दिवस हाताशी, आणि ओळखीचे लोक "आम्ही फिरवतो" म्हणताहेत. मग बसचं तिकीट काढावं का?

पैशांत बस महाग पडते. पण यजमानांची रजा आणि पेट्रोल खर्ची पडतं, ती भीड वेगळीच. वेळेला बस चोख. खरा फरक ओहोटीचा. ती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, बसचं वेळापत्रक मात्र तेच. खडकांतले खेकडे बघायला जावं तर नेमकं पाणी चढलेलं. स्थानिक माणूस ती वेळ बघूनच घराबाहेर काढतो. (वाटेत त्यांच्या आत्याकडे अर्धा तास जाणार, हे धरूनच चाला.)

ठळक ठिकाणं उरकून संध्याकाळची गाडी गाठायची असेल तर बस घ्या. किनारा निवांत बघायचा असेल किंवा सोबत लहान मुलं असतील, तर यजमानच बरे.