मोठा देणगीदार शोधायचा: कागदांतून की माणसांतून?

विद्यापीठाकडे हजारो माजी विद्यार्थ्यांची यादी असते. त्यातले मोठी रक्कम देऊ शकणारे वीस-पंचवीस कोण, हे शोधायला दोन रस्ते आहेत.

कागदांचा रस्ता स्वस्त आणि घरबसल्या होणारा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या दर तिमाहीला भागधारणेचा तक्ता जाहीर करतात. त्यात प्रवर्तकांची, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या किंवा ताब्यात ठेवणाऱ्या मालकांची, नावं आणि त्यांचे शेअर दिसतात. बाजारभावाने गुणलं की ऐपतीचा अंदाज येतो. त्याच तक्त्यात कर्जापोटी गहाण ठेवलेल्या शेअरचाही हिशेब असतो, नवखे तो हमखास विसरतात. कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामांवरचा) खर्च वार्षिक अहवालात सापडतो, पण तो कंपनीचा पैसा, मालकाच्या खिशातला नव्हे.

माणसांचा रस्ता म्हणजे बॅचमेट, जुने प्राध्यापक, वसतिगृहातले सोबती. वेळखाऊ, आणि ऐकीव गोष्टींचा भरणा फार. तरी माझं झुकतं माप इकडेच, कारण कागद ऐपत सांगतो, ओढ नाही. इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी १९७३ मध्ये आयआयटी मुंबईत दाखल झाले. २०२३ मध्ये त्यांनी संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले, पण त्याआधी ८५ कोटी देऊन झाले होते. म्हणून आधी आपलंच जुनं देणगी रजिस्टर उघडावं. दहा वर्षं न चुकता पाच हजार पाठवणारा माणूस तिथेच सापडतो. मग त्याच्या मित्रांशी बोलावं. किती मागायचे, हे ठरवताना कागद काढावेत.

मित्र घरगुती भांडणं, आजारपणंही सांगतात. ती फाइलीत लिहू नयेत.