फळमाशीसाठी सापळा की पिशवी? उशिरा हापूस काढणाऱ्यांसाठी

मार्चमध्ये ज्यांचा बहुतेक माल निघून जातो, त्यांना फळमाशीचा त्रास बेताचाच होतो. हे लिहितोय ते एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात हापूस काढणाऱ्यांसाठी. त्या दिवसांत हवा दमट होत जाते, वाटेवरच्या रायवळीखाली, म्हणजे बाठ्यापासून उगवलेल्या गावठी आंब्याखाली, पिकलेल्या फळांचा सडा पडलेला असतो आणि माशी दर आठवड्याला वाढलेली दिसते. अशा वेळी हातात दोनच भरवशाचे मार्ग राहतात: मिथिल युजेनॉल या आमिषाचा सापळा किंवा फळाला कागदी पिशवी. फवारणी मी या तुलनेत धरलेली नाही. माशी अंडी सालीखाली घालते, तिथे वरून मारलेलं औषध पोचत नाही. आणि काढणी तोंडावर असताना औषध मारलेला आंबा मला कोणाच्या घरी पाठवायचा नाही.

दोन्ही मार्ग मी माझ्या कलमांवर वापरलेत, अजूनही वापरतो. पण निवड करायची वेळ आली तर माझा कल एका बाजूला आहे. तो का, हे सांगण्यासाठी आधी सापळ्याची बाजू नीट मांडायला हवी, कारण सापळा ही खरोखर चांगली गोष्ट आहे.

बिहारमधल्या पुसा इथे काम करणारे कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हॉलेट यांनी १९१२ साली नोंदवलं, की सिट्रोनेलाच्या तेलाकडे फळमाशीचे नर ओढले जातात. पुढे १९१५ मध्ये त्यांनी त्याचं कारण मिथिल युजेनॉलपर्यंत नेऊन पोचवलं. म्हणजे जगभर वापरलं जाणारं हे आमिष आपल्याच देशात सापडलेलं आहे. तुळशीच्या पानातही हे द्रव्य असतं. नर ते चाखतो, त्याच्या शरीरात त्यापासून गंध तयार होतो आणि मादीला तो नर जास्त आवडू लागतो. म्हणून आंब्यावरच्या माशीचे, बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस आणि तिच्या भाऊबंदांचे नर, त्यासाठी जिवावर उदार होतात. डब्यात आमिषासोबत कीटकनाशक असतं, नर आत जाऊन मरतात. नर पुरेसे कमी झाले की माद्यांचं मीलन होत नाही आणि पुढची पिढी थांबते.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला 'रक्षक' सापळा याच तत्त्वावर चालतो. एकरी दोन, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, सावलीतल्या फांदीला टांगायचे, मुदत संपली की आमिष बदलायचं. एवढंच काम. एक गडी सकाळच्या वेळात मोठी बाग उरकतो. उंच कलम, बुटकं कलम, उतारावरचं कलम, सगळं त्याला सारखंच. आमिष विकत घेताना एवढं मात्र पाहा, की काकडी, पडवळ, कारलं यांच्यावरच्या माशीला क्यूल्युअर हे वेगळं आमिष लागतं, आंब्यावरच्या माशीला मिथिल युजेनॉल. दुकानात नुसता 'फळमाशीचा सापळा द्या' म्हटलं तर कधी कधी भलताच हातात पडतो, आणि मग लोक सापळ्यालाच नावं ठेवतात.

सापळ्याचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. माशी बागेत कधी शिरली, कधी वाढली, हे तो सांगतो. ही खबर दुसऱ्या कोणत्याही साधनाने इतक्या स्वस्तात मिळत नाही. म्हणून निर्णय काहीही घ्या, दोन-चार सापळे टांगलेलेच असावेत असं माझं मत आहे.

त्याची मर्यादाही त्याच तत्त्वातून येते: सापळा फक्त नर मारतो. डंख करणारी, म्हणजे साल टोचून अंडी घालणारी मादी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. शेजारच्या आवारात मीलन झालेली मादी उडून आपल्या कलमावर आली, तर आपल्या डब्यात कितीही नर मेलेले असोत, तिला काय त्याचं? १९६० च्या दशकात प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर याच आमिषाने ही माशी पार नाहीशी केली गेली. मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे विमानातून बेटभर टाकले होते. नंतर जपानने ओकिनावाच्या बेटांवरही ते साधलं. पण ती बेटं होती, चहूबाजूंनी समुद्र. आपल्या बागा तशा नाहीत. माझ्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे मालक मुंबईला असलेली बाग आहे, तिथे पडलेला आंबा कोणी उचलत नाही. खाली ओहोळाच्या कडेने रायवळीची जुनी झाडं आहेत, घरोघरी परसात पेरू आहे, चिकू आहे. अख्ख्या वाडीने एकाच वेळी सापळे लावले आणि पडलेली फळं गोळा केली, तर सापळ्यासारखा स्वस्त उपाय नाही. एकट्याने लावले तर माशी कमी होते, संपत नाही.

आता पिशवी. विद्यापीठाची शिफारस अशी, की फळ अंड्याएवढं झालं की २५ x २० सेंटीमीटरची कागदी पिशवी बांधावी. वर्तमानपत्राची चालते. बाजारात तयार, जाड कागदाच्या पिशव्याही मिळतात. फिलिपिन्समध्ये आंब्याला कागद बांधणं ही बागायतदारांची नेहमीची रीत आहे. तत्त्व सांगायला दोन ओळी पुरतात: मादी फळापर्यंत पोचतच नाही. मग शेजारी सापळे लावो न लावो.

जोडीने बाकीचेही फायदे येतात. फांदीला घासून साल खरचटत नाही, मेच्या उन्हात एका बाजूने भाजत नाही, करपा या रोगाचे काळे ठिपके कमी पडतात. साल फिकट आणि एकसारखी निघते. खांद्यावर लाली चढणारी फळं असतील तर ती लाली कमी होते. काही गिऱ्हाइकांना पहिल्या वर्षी हा आंबा वेगळा वाटतो, पिकल्यावर मात्र रंग सुरेख धरतो.

पिशवीचे त्रासही कमी नाहीत. सगळ्यात मोठा त्रास मजुरीचा. नेपाळी गडी हंगामात एरवीच पुरत नाहीत, त्यात एकेक फळ हातात धरून दोरा बांधायचा. जुनं, उंच कलम असेल तर शेंड्याकडच्या फळांना पिशवी बांधणं मला तरी शक्य होत नाही, आणि त्यासाठी माणसाला बारीक फांदीवर चढवणं मला पटत नाही. बांधलेल्यातली काही फळं नंतर गळतात, पिशवीसकट खाली येतात, ते नुकसान धरूनच चालायचं. अवकाळी पाऊस झाला की वर्तमानपत्र लगदा होतं. ओला कागद फळाला चिकटला किंवा फाटला, की त्या फळाचं संरक्षण संपलं. देठाशी पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) असताना पिशवी बांधली तर त्याला आत निवांत घर मिळतं, म्हणून बांधण्याआधी देठ बघून घ्यायचा. आणि फळ तयार झालं की नाही हे बाहेरून दिसत नाही. यावर मला उपयोगी पडलेला उपाय म्हणजे प्रत्येक आठवड्याच्या बांधणीला वेगळ्या रंगाचा दोरा. काढणीच्या वेळी एका रंगाच्या एक-दोन पिशव्या उघडून पाहिल्या, खांदे भरलेले दिसले, की त्या रंगाची सगळी फळं झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवायची.

इतके त्रास मोजून झाल्यावर कोणीही म्हणेल, मग सापळाच बरा. मीही बरीच वर्षं सापळ्यांवरच होतो. माझं मत फिरलं ते एका गोष्टीने, आणि ती गोष्ट बागेत घडत नाही, पडवीत घडते.

पेटी भरताना फळ हातात घेतलं, फिरवून पाहिलं, साल स्वच्छ, देठ हिरवा, वजन चांगलं. तरी आत अंडी नाहीत हे छातीठोकपणे सांगता येत नाही. मादीने केलेलं छिद्र सुईच्या टोकाएवढं असतं. काढणीच्या एक-दोन दिवस आधी डंख झालेला असेल तर त्याभोवती ना डाग दिसतो, ना मऊपणा लागतो. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, अळी आठवडाभर गर खात वाढते. आणि आपला कच्चा हापूस पेंढ्यात पिकायला साधारण तेवढेच दिवस घेतो. म्हणजे पुण्याच्या किंवा डोंबिवलीच्या एखाद्या घरात आंबा कापण्याजोगा होतो, नेमकी त्याच दिवशी अळीही दिसण्याएवढी मोठी झालेली असते. आपण पाठवला तेव्हा तो आंबा निर्दोष दिसत होता, हे त्या घराला सांगून काय उपयोग? फोन येतो तेव्हा माणसं रागावलेली नसतात, संकोचून बोलतात, आणि तेच मला जास्त लागतं. एक अळी निघाली की त्या पेटीतला पुढचा आंबा मुलांच्या हातात देताना आई दहादा विचार करते. बाकीची फळं कितीही उत्तम असली तरी त्यांची गोडी गेलेली असते.

ही अडचण माझ्या एकट्याची नाही. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात बंद केली, तिच्यामागे आलेल्या मालात सापडलेल्या फळमाशीसारख्या किडी होत्या. जानेवारी २०१५ मध्ये ती बंदी उठवायचं ठरलं, ते आपल्याकडच्या तपासणीत आणि प्रक्रियेत सुधारणा झाल्यावर. आता युरोपला जाणारा आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात किंवा त्याला बाष्प उष्णतेची प्रक्रिया देतात. अमेरिकेला २००७ पासून विकिरण केलेला आंबा जातो. या सगळ्यांचा हेतू एकच, फळाच्या आत असलेलं जे डोळ्याला दिसत नाही ते मारणं. थेट घरी पेट्या पाठवणाऱ्या माझ्यासारख्याकडे अशी कोणतीही सोय नाही. माझ्यासाठी आंबा निर्धोक करायची जागा एकच, ती म्हणजे झाड.

सापळ्याने डंख झालेल्या फळांचं प्रमाण खाली येतं, हे मी नाकारत नाही. पण हातातल्या या फळाबद्दल तो काही सांगत नाही. पिशवीतून काढलेलं फळ, पिशवी धड असेल तर, मी शंका न घेता पेटीत ठेवतो. मोजमाप मी केलेलं नाही, आकडे माझ्याकडे नाहीत. मेमध्ये पाठवलेल्या पेट्यांबद्दल पूर्वी जे फोन यायचे ते पिशव्या सुरू केल्यापासून जवळपास थांबले, एवढाच माझा पुरावा. तुमच्या बागेची हवा, आजूबाजूची झाडं, गडी मिळण्याची शक्यता वेगळी असेल तर हिशेबही वेगळा निघू शकेल.

माल वाशीच्या घाऊक बाजारात किंवा कॅनिंगला (रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला) जात असेल, कलमं जुनी आणि उंच असतील, बाग मोठी असेल, तर पिशवीचा खर्च निघणं कठीण आहे. तिथे सापळेच लावा, आणि शेजाऱ्यांना सोबत घ्या. लवकरच्या मालालाही पिशवीची गरज मला वाटत नाही. पण उशिराचा हापूस थेट घरोघरी देणार असाल, तर निदान त्या मालाला तरी पिशवी बांधा, असं मी सुचवेन. मी स्वतः खालच्या आणि मधल्या फांद्यांवरची उशिराची फळं बांधतो. शेंड्याकडचा माल सापळ्यांच्या भरवशावर सोडतो, आणि तो मेच्या पहिल्या आठवड्यानंतर कोणाच्या घरच्या पेटीत घालत नाही, कॅनिंगला देतो.

एक काम दोन्ही मार्गांत सुटत नाही. पडलेली फळं रोज उचलायची आणि दोन-तीन फूट खोल पुरायची. अळी फळातून बाहेर पडून मातीत कोषात जाते, तिथूनच पुढची माशी उठते. सापळे लावलेत किंवा पिशव्या बांधल्यात म्हणून खाली सडा तसाच ठेवला, तर आपणच माशी पोसतो.

पिशव्या घ्यायचं ठरलं तर जानेवारीतच सांगून ठेवा, मार्चमध्ये हव्या तेवढ्या मिळतीलच असं नाही. पहिल्या वर्षी सगळी बाग बांधायच्या फंदात पडू नका. हात पोचतो अशी थोडी कलमं निवडा, त्यांवर निम्मी फळं बांधा, निम्मी उघडी ठेवा, बागेत सापळे नेहमीसारखे असू द्या. काढल्यावर दोन्ही फळं पेंढ्याच्या वेगवेगळ्या अढीत पिकायला घाला आणि पिकली की विकायच्या आधी दोन्हींतली मूठभर फळं स्वतः कापून बघा.