रॅगेड स्कूल म्युझियम, लंडन: ड्रेसचे पैसे वाचवा, इथे घालवा

इथल्या शाळेत व्हिक्टोरियन्सचा, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या लोकांचा, टॉपिक सुरू झाला की सगळे आईबाप आधी मुलांसाठी त्या काळचा ड्रेस शोधायला लागतात. आम्हीही ऑनलाइन मागवला, शिवण दुपारपर्यंतसुद्धा टिकली नाही. त्यापेक्षा पोरांना घेऊन माइल एंडला या म्युझियममध्ये जा.

मूळची ही कॅनॉलकाठची गोदामं, गरीब, अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या डॉ. बर्नार्डोंनी १८७७ मध्ये तिथे ईस्ट एंडच्या, म्हणजे पूर्व लंडनच्या, गरीब मुलांसाठी फुकट शाळा, म्हणजेच ‘रॅगेड स्कूल’, काढली, ती १९०८ पर्यंत चालली. आता त्याच बिल्डिंगमध्ये तुम्हाला व्हिक्टोरियन वर्गात बसवतात, आणि खरी मजा तीच. बाई जुन्या पोशाखात आत आल्या आणि आमची कन्या, जी घरात दोन मिनिटं गप्प बसत नाही, ती हाताची घडी घालून एकदम ताठ! नखं तपासली, पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, सगळं एका सुरात म्हणून घेतलं. मोठ्यांनाही बाकावरच बसवतात, नवऱ्याने पाय पसरले म्हणून त्याला सगळ्यांसमोर ओरडा बसला, लेक जाम खूष. मग पैशांचा हिशोब आला, बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगचा पाउंड, त्यात पोरं पार गोंधळली पण आमचे सासरे पटापट उत्तरं द्यायला लागले, लहानपणी सोळा आण्यांचा रुपया मोजलेला माणूस तो!

वर त्या काळचं स्वयंपाकघर आहे, नळ नाही की लाईट नाही. तेही बघाच.

एक मात्र करा, जायच्या आधी मुलांना सांगा की ही शाळा फुकट का काढावी लागली, नाहीतर डन्स कॅप (‘ढ’ मुलाला घालायची टोकदार टोपी) घालून फोटो काढण्यातच सगळं संपतं. १८८० मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली खरी, पण बऱ्याच शाळांत दर आठवड्याला फी भरावी लागायची, १८९१ च्या कायद्यानंतर ती जवळपास सगळीकडे सुटली. ज्यांच्या घरी खायची मारामार ते फी कुठून भरणार? इथे शिकवायचेही आणि खायलाही द्यायचे. हे ऐकल्यावर लेकीने विचारलं, मग ती मुलं शिकायला यायची की जेवायला? दोन्हीला, गं बाई.

पाच वर्षांच्या आतलं पिल्लू असेल तर घाई करू नका, बाईंच्या आवाजानेच रडेल. धडा रोज नसतो, वेबसाइटवर तारीख बघून मगच निघा. बाजूलाच माइल एंड पार्क आहे, ऊन असेल तर डबे घेऊनच जा.