डूव्हेल: सांगलीच्या उन्हाळ्यात उघडायची तर

साडेआठ टक्के अल्कोहोल, पण रंग फिका सोनेरी आणि अंग हलकं. घातलेली साखर यीस्ट जवळपास सगळी फस्त करतं ना! म्हणूनच ही बेल्जियन बिअर फसवते. ३३० मिलीची बाटली आदल्या दिवशी फ्रीजमध्ये उभी ठेवा, गाळ तळाला बसतो. ट्यूलिप ग्लास गार पाण्याने विसळून तिरका धरा, सावकाश ओता. फेस भरपूर येतो. शेवटचा सेंटिमीटरभर बाटलीतच राहू द्या. ६ ते १० अंशांना आधी नासपती, मग मिरी, शेवटी कोरडा कडवटपणा. बर्फगार केली की वास मुका होतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बाटली जुनी झालेली किंवा कुठेतरी तापलेली, दोष बहुधा साठवणुकीचा. सोबत भडंग चालेल, लसूण मात्र बेताचा.