मारा पार्क फी आधीच घेतली, गेटवर भरणा मात्र शून्य

केनियाच्या जंगल सफारीसाठी एजंटला दिलेले आम्हा चौघांचे ७,४०,००० रुपये, माणशी १,८५,०००, विमानभाडं वेगळं, आणि त्यात फसवणूक झाली. ऑगस्ट २०२४, नैरोबी, नाकुरू आणि मसाई मारा. हा आकडा नातेवाइकांत अजून कुणाला सांगितलेला नाही. पण मायग्रेशनच्या, म्हणजे माराच्या जंगलात येणाऱ्या प्राण्यांच्या मोठ्या स्थलांतराच्या, जाहिराती दरवर्षी नव्याने येतात आणि पद्धत तीच असते, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

माराच्या सेकेनानी गेटवर खिडकीतल्या माणसाने स्क्रीन आमच्याकडे वळवली. आमच्या नावावर भरणा शून्य. ड्रायव्हर म्हणाला, त्याला फक्त गाडीचं सांगितलंय. इकडे एजंटचा फोन बंद. माणशी २०० डॉलर, चौघं, दोन दिवस: १,६०० डॉलर तिथेच कार्डावर भरले. ८४ च्या भावाने १,३४,४००, बँकेचा मार्कअप वेगळा.

आणि हे मे महिन्यातच कळायला हवं होतं. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: ‘मारा पार्क फी १०० डॉलर × ४ × २ दिवस’. १ जानेवारी २०२४ पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जूनपर्यंत दिवसाला १०० आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर लागतात. आमची ट्रिप ऑगस्टची! म्हणजे एजंटने ऑगस्टचा दर पाहिलेलाच नव्हता, कारण फी भरायचा विचारच नव्हता. ती ओळ आम्ही चौघांनीही वाचली होती. दर नुकतेच बदललेले, नेटवर सगळीकडे जुनेच आकडे फिरत होते, आम्ही तरी काय ताडून बघणार होतो? तरी ती ओळ डोळ्यांपुढून जात नाही.

दुसरी खूण त्याहून ठळक होती. ४,४४,००० रुपये एका व्यक्तीच्या बचत खात्यात, उरलेले २,९६,००० रोख, ‘रोख दिलेत तर टीसीएस वाचेल’ म्हणून. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याने टीसीएस, म्हणजे गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर, गोळा करायलाच हवा, आणि त्यासाठी पॅन लागतो. पॅन मागत नाही त्याला एक रुपयाही देऊ नका.

मुक्कामाच्या कॅम्पचं व्हाउचर एजंटच्याच लेटरहेडवर होतं. हंगामात कॅम्प आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं, बुकिंग ठेवतात आणि मुदतीत डिपॉझिट आलं नाही की खोली सोडून देतात. आमची तशीच गेली. कॅम्पच्या वेबसाइटवरचा पत्ता शोधून स्वतः मेल करा, एकच प्रश्न विचारा: आमच्या नावाचं बुकिंग कन्फर्म आहे की प्रोव्हिजनल? गेटबाहेर राहणार असाल तर तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ चालतं. आत राहणाऱ्यांनी शेवटच्या दिवशी सकाळी १० च्या आत बाहेर पडायचं, नाहीतर आणखी एक दिवसाची फी.

लँड क्रूझरच्या जागी टू-व्हील ड्राइव्ह व्हॅन आली. पाऊस झाला की माराची काळी माती चाकं धरून ठेवते. व्हॅन रुतली, मदत मागायला वायरलेस रेडिओ नव्हता, आणि सिंहांच्या गवतात खाली उतरून ढकलायची सोय नसते. दुसरी गाडी दिसेपर्यंत काचा वर करून बसून राहिलो. फोर-व्हील ड्राइव्ह, रेडिओ, प्रत्येक सीटला पट्टा, हे लेखी घ्या आणि नैरोबीतच बघून गाडीत बसा.

सगळ्यात संताप येतो तो ‘फ्लाइंग डॉक्टर’ कव्हरचा, म्हणजे आजारी पडल्यास विमानाने हलवण्याच्या सोयीचा. माणशी ३,००० प्रमाणे १२,००० घेतले आणि नोंदणी एकाचीही नाही. माराहून गंभीर रुग्ण विमानाने नैरोबीला न्यावा लागतो. कुणाला काही झालं असतं तर? प्रत्येकाच्या नावाची नोंदणी हातात घ्या.

यलो फीव्हरची लस ‘लागत नाही’ असंही सांगितलं होतं. भारतातून थेट जाताना केनिया मागत नाही हे खरं, पण परतल्यावर भारत मागतो. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते, दाखला दहा दिवसांनी लागू होतो. सुदैवाने आम्ही डॉक्टरांना विचारलं होतं.

मग परत आल्यावरचे हेलपाटे. पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, ‘केनियात घडलंय, आमची हद्द नाही.’ अहो, पैसे इथे दिले, इथल्याच खात्यात! सायबर पोलिसांकडे गेलो तर ‘तुम्ही राजीखुशीने पाठवलेत, हा दिवाणी मामला.’ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर उशीर झाल्याचं सांगितलं. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. चार ठिकाणी तेच स्क्रीनशॉट, तेच अर्ज, पोच मागितली तर कपाळाला आठ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद हद्दीबाहेरची असली तरी घ्यावी लागते. हे कलम छापून न्या. आम्ही नेलं, तेव्हा कुठे अर्ज घेतला गेला, तोही तिसऱ्या फेरीत.

ग्राहक आयोगात तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. मोबदला ५ ते १० लाखांत असेल तर फी २०० रुपये. आमची दाखल आहे. मात्र रोख २,९६,००० ची पावती नाही, आणि विरुद्ध बाजूचा वकील तेवढ्यावरच बोट ठेवतो.