खटावच्या तलावांवर निकॉन २००-५००: पक्षी टिपायला शिकणाऱ्यांसाठी कशी आहे?

खटाव तालुक्यातील मायणी, येरळवाडी आणि सूर्याचीवाडी या तलावांवर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो), पट्टकदंब आणि चक्रवाक हे पाणपक्षी उतरू लागले की सातारा, कराड, विटा या बाजूंनी कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची वर्दळ वाढते. त्यातल्या नवख्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लेन्स कोणती घ्यावी? निकॉनची डीएसएलआर (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्याची) बॉडी हाताशी असेल, तर २०१५ साली आलेली २००-५०० एमएम एफ/५.६ ही लेन्स शिकण्यासाठी आजही उत्तम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मिररलेस (बिनआरशाच्या) कॅमेऱ्यांकडे वळलेले अनेक जण ती विकायला काढतात. अशी एखादी नीट पारखून घेतली तर खिशालाही झेपते.

तिचा खरा गुण म्हणजे स्थिर ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे लेन्सचे छिद्र; त्याचा एफ आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. १५०-६०० वर्गातल्या लोकप्रिय लेन्स टोकाला एफ/६.३ वर जातात. ही २०० वरही ५.६ असते आणि ५०० वरही. हा एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पहाटेच्या अपुऱ्या उजेडात कामी येतोच, पण शिकणाऱ्याची त्याहून मोठी सोय अशी की, मॅन्युअल मोडमध्ये शटर स्पीड ठरवून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर सोडला की झूम कितीही फिरवले तरी ॲपर्चर जागचे हलत नाही आणि सगळे लक्ष पक्ष्यावर देता येते. शांत बसलेल्या पक्ष्याला १/६४० सेकंद बहुधा पुरतो. उडत्या नदी सुरय पक्ष्यासाठी मात्र मी १/२५०० च्या खाली येत नाही. लेन्समधील व्हीआर ही कंपरोधक यंत्रणा हाताचा कंप साडेचार स्टॉपपर्यंत सावरते असे कंपनी सांगते, परंतु पंखांची फडफड गोठवायला शटर स्पीडच लागतो, हे नवख्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना व्हीआर स्पोर्ट मोडवर ठेवावी.

सरावासाठी तलावापर्यंत जाण्याचीही गरज नाही. माळावरच्या कुंपणाच्या तारेवर वेडा राघू बसलेला असतो. तो हवेत झेप घेऊन माशी पकडतो, बरेचदा त्याच जागी परततो, चोचीतली माशी तारेवर आपटून आपटून निपचित करतो आणि मग गिळतो. फोकस फक्त कॅमेऱ्यामागच्या एएफ-ऑन बटणावर ठेवून त्या जागेवर फोकस धरावा, तो तिथेच अडकून राहावा म्हणून बटणावरचा अंगठा उचलावा आणि राघू परतताना पंख पसरतो तेवढ्या क्षणी शटर दाबावे. पहिले बरेच फोटो वाया जातील, ते जाऊ द्यावेत. पक्षी पुन्हा तिथेच येणार असल्याने इतकी हक्काची तालीम दुसरा क्वचितच कोणी देतो.

आता अंतराचा हिशेब. डी५०० किंवा डी७५०० सारख्या क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या बॉडीवर ५०० एमएमला ५० मीटरवरची चौकट साधारण २.३५ मीटर रुंद आणि १.५७ मीटर उंच असते. तेवढ्या अंतरावरचा मोठा रोहित ती उभी जवळजवळ भरून टाकतो. त्याच अंतरावर वीतभर लांबीचा धोबी पक्षी चौकटीच्या रुंदीचा बारावा हिस्साही व्यापत नाही. तोच १० मीटरवर आला की दोन पंचमांश व्यापतो. म्हणून लहान पक्ष्यांसाठी आणखी लांब लेन्सचा विचार करण्याआधी काठावर आडवे पडून, हालचाल न करता, त्याला आपल्या दिशेने येऊ द्यावे. रोहितांच्या बाबतीत उलट सावधगिरी हवी. चरणारा थवा माना ताठ करून एका दिशेला चालू लागला, म्हणजे आपण फार जवळ गेलो आहोत. तिथेच थांबून मागे सरावे. केवळ उड्डाणाच्या फोटोसाठी थवा उठवणे मला अक्षम्य वाटते.

ऊन तापले की पाण्यावरची आणि उघड्या माळावरची हवा थरथरू लागते व दूरच्या पक्ष्यांची पिसे विरघळल्यासारखी दिसतात. अनेक जण तेव्हा लेन्सला बोल लावतात. पंधरा मीटरवरच्या काटकीचा फोटो स्वच्छ येत असेल तर लेन्स निर्दोष आहे, असे समजून कॅमेरा पिशवीत ठेवावा. पांढऱ्या बगळ्याच्या पिसांतले बारकावे उन्हात जळू नयेत म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉपने कमी करणेही विसरू नये.

ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरसह या लेन्सचे वजन २,३०० ग्रॅम आहे, त्यामुळे दिवसभर हातात धरून फिरायचे असेल तर मोनोपॉड घ्यावा. गाडीतून टिपताना खिडकीवर ज्वारी भरलेली पिशवी पुरते. २०० वरून ५०० वर जायला झूम रिंग बरीच फिरवावी लागते आणि नळी पुढे येते, म्हणून अंगावर येणाऱ्या पक्ष्यासाठी झूम आधीच ठरवून ठेवावे. फिल्टरचा व्यास ९५ एमएम असल्याने फिल्टर महाग पडतो. लेन्सच्या तोंडावरचा हूड कायम लावलेला असला की पुरे.

ज्यांना बॉडीपासून सगळेच नवे घ्यायचे आहे, त्यांनी मात्र २०२३ मध्ये आलेल्या, निकॉनच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठीच्या झेड १८०-६०० लेन्सचा विचार करावा. तिचे झूम आतल्या आत फिरते आणि पोच १०० एमएमने अधिक आहे. जुनी डीएसएलआर ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनी एवढा खर्च करण्याचे कारण नाही.