भौतिकशास्त्राच्या जोडीला संगीत: एका अभ्यासक्रमाचा वर्षभराचा अनुभव

मध्य मुंबईतील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र हा मुख्य आणि संगीत हा दुय्यम विषय घेऊन मी नुकतेच एक वर्ष पूर्ण केले. या जोडीत सर्वांत समृद्ध काही असेल, तर ते ध्वनिशास्त्राचे प्रात्यक्षिक. ताणलेल्या साध्या पडद्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत नसतात. तबल्याच्या पुडीवरील शाईचे, म्हणजे मधल्या काळ्या थराचे, वजन मात्र त्यांना जवळजवळ त्या पटींत आणून बसवते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिलेले तत्त्व आम्ही मायक्रोफोन आणि संगणकाच्या साहाय्याने स्वतः पडताळले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा किंचित सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, खुलते आणि वरचे उपस्वर आलेखात उभे राहतात. लहानपणापासून कानाने ओळखलेली गोष्ट डोळ्यांनी पाहण्याचा आनंद वेगळाच. समान विभागणीने जुळवलेल्या हार्मोनियमचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग) असतो, तर ५:४ या कंपनसंख्यांच्या प्रमाणाचा गंधार सुमारे ३८६ सेंटवर; हा फरक मोजल्यावर पेटीविषयीची माझ्या गुरुजींची जुनी कुरकुर मला प्रथमच पटली.

व्यवस्थापन मात्र निराशाजनक आहे. दोन्ही विभाग एकमेकांना न विचारता वेळापत्रक आखत असल्याने प्रयोगशाळा आणि गायनाचा तास वारंवार एकाच वेळी येत, आणि एकुलता एक तंबोरा पावसाळ्यात सतत उतरत असे. ग्रंथालय बरे आहे. सोपे गुण मिळतील या अपेक्षेने येणाऱ्यांनी आधी फूरिये विश्लेषणाची, म्हणजे ध्वनीची त्याच्या घटक स्वरांत फोड करणाऱ्या गणिताची, पाने चाळावीत.